आधी क्रियापद सापडू द्या

भोकरदन, जाफराबाद, सिल्लोड या भागातली आपली मुले आता नोकरीचे, फेलोशिपचे, परदेशी शिष्यवृत्तीचे अर्ज इंग्रजीतून लिहू लागली आहेत. गुण चांगले असतात, कागदपत्रे पूर्ण असतात. पण अर्जासोबत स्वतःची हकीकत लिहायची वेळ आली की असे एखादे वाक्य येते : 'माय फादर डेथ इन २०१९.' म्हणायचे असते, वडील २०१९ साली वारले. परंतु 'डेथ' म्हणजे मृत्यू. वाक्य झाले, 'माझे वडील मृत्यू २०१९ मध्ये.' वाचणारा साहेब अर्थ समजून घेतो, नाही असे नाही. मात्र त्यानंतरच्या ओळी तो हकीकत म्हणून वाचत नाही, चुका मोजत वाचतो. बाप गेल्यावर ज्या माऊलीने दुसऱ्याच्या रानात सरकी वेचून पोराला शिकवले, तिची हकीकत एका शब्दापायी हसण्यावारी जावी, हे आम्हाला सोसत नाही. 'डेथ'च्या जागी 'डाइड' एवढाच फरक होता.

नाम म्हणजे नाव आणि क्रियापद म्हणजे क्रिया, ही व्याख्या शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेली असते. तरीही ही चूक हुशार मुलांकडूनही होते, कारण तिचे मूळ आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. मराठी बोलताना आपण इंग्रजी शब्द उचलतो आणि त्याला करणे, होणे, घेणे जोडतो. पोराचे पोलिसात सिलेक्शन झाले. मुलीने मिलिंद कॉलेजात ॲडमिशन घेतले. आजीचे ऑपरेशन केले. इथे क्रिया दाखवण्याचे काम आपले 'झाले', 'घेतले', 'केले' करतात. इंग्रजी शब्द नुसता नाम म्हणून बसलेला असतो. पण इंग्रजी लिहायला बसल्यावर मुलगा मराठी 'झाले' गाळून टाकतो आणि उरलेल्या शब्दालाच क्रियापद समजतो. मग 'आय सिलेक्शन इन पोलीस' असे वाक्य तयार होते. खरे वाक्य 'आय वॉज सिलेक्टेड'. 'आय ॲडमिशन इन कॉलेज' नव्हे, 'आय जॉइन्ड कॉलेज'. 'वी डिस्कशन' नव्हे, 'वी डिस्कस्ड'. ठेकेदाराने मजुरी बुडवली म्हणून वर लिहायचे असेल तर 'आय कम्प्लेंट' नव्हे, 'आय कम्प्लेन'. कम्प्लेंट म्हणजे तक्रार, कम्प्लेन म्हणजे तक्रार करणे. चॉइस म्हणजे निवड, चूज म्हणजे निवडणे. सक्सेस म्हणजे यश, सक्सीड म्हणजे यश मिळवणे. 'सक्सेस्ड' असा शब्द इंग्रजीत नाही, पण अर्जांत तो फार दिसतो.

दुसरेही एक कारण आहे. आपल्याकडे क्रियापद न घालताही वाक्य पुरे होते. 'हा माझा भाऊ', 'आज पौर्णिमा' यात क्रियापद नाही आणि कोणाचे अडतही नाही. ही सवय आजची नव्हे. आपले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन, व्यापारी मार्गावरचे मोठे गाव. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत भोगवर्धनचे लोक होते आणि त्यांचे लेख तिथल्या दगडावर आजही आहेत. अशा लेखांची घडण साधी असते : अमक्या गावच्या अमक्याचे दान. 'दिले' हे क्रियापद नाही. शेवटी 'दानं' हे नाम आले की लेख संपला. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अधिकाऱ्याने सांचीचे असे छोटे लेख समोर ठेवले तेव्हा बहुतेकांच्या शेवटी तीच अक्षरे त्याला दिसली. ती 'दानं' असावीत असे त्याने ताडले, आणि त्या धाग्यावरून ब्राह्मी लिपी उलगडली. सम्राट अशोकाचे शिलालेख जगाला वाचता आले ते त्यानंतर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या आपल्या उपासकांना पाली-प्राकृतात एका नामावर काम भागवता आले. इंग्रजीत मात्र तसे भागत नाही. तिथे पूर्ण वाक्याला क्रियापद लागतेच, आणि तेच सांगते की गोष्ट घडली, घडते आहे की घडणार आहे.

शब्द तोलून कसा वापरावा याचा नमुना पाहायचा तर संविधानाची इंग्रजी प्रत उघडावी. परमपूज्य बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते तिच्या हातून गेलेला हा मजकूर. कलम १७ अस्पृश्यता नष्ट करते आणि तिचे कोणत्याही स्वरूपातील आचरण निषिद्ध ठरवते. या 'आचरण' शब्दासाठी इंग्रजीत 'प्रॅक्टिस' आहे. ते नाम आहे, म्हणून त्याच्या स्पेलिंगमध्ये शेवटून दुसरे अक्षर 'सी' आहे. आता कलम २५ पाहा. धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क देणारे हे कलम. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंनी जो धम्म स्वीकारला, तो आचरणात आणण्याच्या आपल्या हक्काला याच कलमाचा आधार आहे. इथेही 'प्रॅक्टिस' आहे, पण आचरणे या अर्थाने, म्हणजे क्रियापद. म्हणून इथे 'सी' नाही, 'एस' आहे. कानाला दोन्ही सारखे, कागदावर वेगळे. आचरण आणि आचरणे यांतला भेद एका अक्षरावर सांभाळला आहे.

कलम ७४ मध्ये तर जोडीचे दोन्ही शब्द एकाच वाक्यात भेटतात. मंत्रिमंडळाने राष्ट्रपतींना सल्ला द्यायचा, तिथे 'ॲडव्हाइझ'. राष्ट्रपतींनी त्या सल्ल्यानुसार वागायचे, तिथे 'ॲडव्हाइस'. शेवटी 'झ' ऐकू आला तर सल्ला देणे, 'स' ऐकू आला तर सल्ला. स्पेलिंगमध्ये इथेही नामाला 'सी' आणि क्रियापदाला 'एस'. ही जोडी कानाने लक्षात राहते आणि तिच्यावरून 'प्रॅक्टिस'चे स्पेलिंगही आठवते. अमेरिकेत 'प्रॅक्टिस' दोन्हीकडे 'सी'नेच लिहितात, तेव्हा मोबाइलवर तसे दिसले म्हणून गोंधळू नये. आपल्या शाळा-कचेऱ्यांत ब्रिटिश पद्धत चालते.

यावरून कोणी असे समजू नये की इंग्रजीत नाम कधीच क्रियापद होत नाही. 'वॉटर' म्हणजे पाणी आणि झाडांना पाणी घालणेही. 'हँड' म्हणजे हात आणि हातात देणेही. आपणही हातावरून 'हाताळणे', लाथेवरून 'लाथाडणे' केलेच ना! फरक इतकाच की मराठीत शब्दाला शेपूट लागते, इंग्रजीत तोच शब्द जसाच्या तसा काम बदलतो. म्हणून नवख्याला वाटते, कोणताही चालेल. चालत नाही. जे वापरून रुळले तेवढेच चालतात. 'रिक्वेस्ट', 'हेल्प', 'आन्सर' दोन्हीकडे चालतात; फक्त 'आय रिक्वेस्ट टु यू' मधला 'टु' काढावा, तो 'आपणास विनंती' मधल्या 'स'चा अनुवाद आहे. कंपन्यांचे साहेब लोक हल्ली 'ॲक्शन', 'डायलॉग' अशी नामे बेधडक क्रियापदासारखी वापरतात. त्यांचे खपते, कारण त्यांचा अर्ज कोणी तपासत नाही. आपल्या मुलाचा तपासला जातो, म्हणून त्याने 'ॲक्ट', 'टॉक' असे साधे शब्द धरावेत.

घरी काय करता येईल? महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. त्याआधी शिकलेल्या आईबापांना पाचवीत एबीसीडी भेटली, काहींना तीही नाही. तरी अडत नाही. पोराने अर्ज लिहिला की त्याला जवळ बसवून प्रत्येक वाक्यावर विचारावे : यात कोणी काय केले, तो शब्द दाखव. त्या शब्दावर बोट ठेवायला लावून डिक्शनरीत तो काढायला सांगावा. शब्दापुढे बारीक अक्षरात फक्त 'एन' असेल तर तो नाम आहे, तिथे चालणार नाही. 'व्ही' असेल तर क्रियापद. 'डेथ'पुढे 'एन' मिळेल, 'डाय'पुढे 'व्ही'. ही दोन अक्षरे ओळखता आली की आईलाही तपासता येते. मुलाला स्वतःला तपासायचे असेल तर शब्दाआधी 'आय कॅन' लावून पाहावे. 'आय कॅन डिसाइड' बरोबर बसते, 'आय कॅन डिसिजन' बसत नाही.

विहारात किंवा घरी संविधानाची इंग्रजी प्रत असेल तर मुलांना कलम १९ काढायला सांगा. कोणताही व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य देणारा उपखंड त्यात आहे आणि 'प्रॅक्टिस' तिथेही आला आहे. तिथे 'सी' असेल की 'एस', हे आधी त्यांनी सांगावे, मग पान उघडावे.