कर्तव्यदक्षतेच्या वेषातील व्याधी

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखानदारीत काळजी करणे हा गुणच समजला जातो. कंत्राटी नोकरी, फिरती पाळी, घराचे हप्ते! अशा माणसाने निश्चिंत असावे असे कोण म्हणेल? म्हणूनच चिंतेची व्याधी केव्हा झाली हे घरच्यांसही उमगत नाही. झोप येत नाही म्हणून तो रात्रपाळीस दोष देतो. पण सुट्टीतही डोळा लागत नसेल तर? छाती धडधडते, हृदयाचा आलेख मात्र निर्दोष निघतो. काळजीचे कारण खरे की खोटे, हा प्रश्न आमच्या मते गौण आहे. (कारण बहुधा खरेच असते.) ती झोप, जेवण, माणसांत मिसळणे हिरावून घेते काय, हे पाहावे. बहुतेक दिवस असे सहा महिने चालले तर वैद्यकशास्त्र त्यास व्याधी मानते, आणि ती उपचारांनी आटोक्यात येते.

मानसोपचार मिळणे हा २०१७ च्या कायद्याने हक्क ठरला. १४४१६ ह्या क्रमांकावर २०२२ पासून सरकारची टेलि-मानस सेवाही आहे. तरीही रजेच्या अर्जावर 'ताप' असेच लिहिले जाते. पाचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात उपचारकक्ष असलाच पाहिजे, असे १९४८ च्या कारखाने कायद्यातच सांगितले होते. तेथे रक्तदाब मोजणाऱ्याने झोपेचीही चौकशी करावी आणि ती नोंद व्यवस्थापनाच्या हाती पडू देऊ नये, एवढीच आमची मागणी आहे.