जळाली तर भरून कुठं मिळंल?

दिवाळी अंकाचं संपादकीय म्हटलं की पणती येते, मागोमाग अंधार येतो आणि चौथ्या ओळीत प्रकाश जिंकतो. गेल्या वर्षी आम्हीही तेच लिहिलं. नातवाकडून अंक वाचून घेणारे इथलेच एक जन्मांध वाचक भेटले, म्हणाले, "सर, तुमच्या अंकात अंधार लई झाला. मला तर तो कधी दिसला नाही."

तेव्हापासून कृत्रिम डोळ्याच्या बातम्या आम्ही जरा जपून वाचतो. अमेरिकेतल्या सेकंड साइट कंपनीचा आर्गस-2 घ्या. चष्म्यातला कॅमेरा समोरचं टिपणार, डोळ्याच्या पडद्यावर बसवलेले 60 इलेक्ट्रोड विजेचे बारीक ठोके देणार, माणसाला ठिपक्या-ठिपक्यांचा उजेड जाणवणार. त्यातून दार ओळखता येई. दार तर काठीलाही सापडतं! 2013 मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली; जगभरात साडेतीनशेच्या आसपास लोकांनी शस्त्रक्रिया करून घेतली. 2019 मध्ये कंपनीनं ते बनवणं थांबवलं, 2020 मध्ये बहुतेक कर्मचारी घरी पाठवले. यंत्र डोळ्यातच राहिलं. बिघडलं तर दाद कुणाकडे मागायची?

गावात पाण्याची मोटार घेणारा शेतकरीसुद्धा पैसे मोजण्याआधी विचारतो, "जळाली तर भरून कुठं मिळंल?" अशा डोळ्यांच्या चाचणीला अंध माणसं लागतातच, ती बोलावलीही जातात. पण काय बनवायचं, कशासाठी, पुढं सांभाळायचं कुणी, हे ठरतं त्या पहिल्या बैठकीत त्यांना खुर्ची हवी. रोज यंत्रांवर विसंबणारा माणूस हा मोटारीचा प्रश्न विसरत नाही.

आपल्याकडे तर साध्या नोटांचंही तेच झालं. 2016 नंतर नोटांचे आकार बदलले आणि बोटांवर लांबी मोजून नोट ओळखणाऱ्यांची पंचाईत झाली. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडला मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. नोट सांगणारं रिझर्व्ह बँकेचं 'मनी' ॲप आलं जानेवारी 2020 मध्ये. नोटा तोवर गावोगाव फिरून मळल्या होत्या.

यंदा अंक जुळवण्याआधीच आम्ही त्या वाचकांकडे गेलो. ते म्हणाले, "लेख किती पानांचा ते आधी सांगत जा, पोरगं मधेच पळतं. अन् कविता कमी करा." अनुक्रमणिकेत लेखांची पानं दिली आहेत. कविता मात्र तेवढ्याच राहिल्या.