'बसेल ओ, घेऊन जा' या शब्दावर पार्ट घेऊ नका



गॅरेज किंवा स्पेअर्सचं दुकान टाकू इच्छिणारे बरेच जण मला एकच प्रश्न विचारतात. 'सर, गाडीच्या सेकंड-हँड बंपर, बोनेट, दरवाज्यात मार्जिन आहे का?' आहे ना. पण व्हिडिओत बोललो तेच इथे जरा सविस्तर सांगतो. हे मार्जिन स्वस्त पार्ट घेण्यात नाही, बरोबर पार्ट घेण्यात आहे.

माझीच चूक सांगतो. ट्रॅव्हल्सला गाडी लावलेल्या एका दादांचा फोन आला. '2018 ची डिझायर आहे, पुढचा बंपर गेलाय.' मी 6,500 मध्ये काम ठरवलं. बंपर 2,500 ला मागवला, ट्रान्सपोर्ट 400, पेंटिंग 2,200. म्हणजे 5,100 खर्च आणि 1,400 नफा, झालं आपलं काम! गाडी दुकानात आली आणि माझा चेहरा पडला. ती डिझायर टूर होती. डिझायरची बॉडी 2017 मध्ये बदलली, पण टॅक्सीसाठीची टूर त्यानंतरही काही वर्षं जुन्याच बॉडीत विकली जात होती. आरसीवर 2018, बंपर मात्र जुन्या बॉडीचा लागणार.

दुसरा बंपर आणला, पुन्हा रंगवला, अजून 4,200 गेले. एकूण खर्च 9,300, हातात 6,500. 2,800 चा खड्डा. पण खरा तोटा वेगळाच होता. लग्नसराईत दादांची गाडी चार दिवस उभी राहिली. त्यांनी भांडण नाही केलं, फक्त परत आले नाहीत. आणि तो पहिला बंपर चौदा महिने दुकानात लटकत होता.

विकणाऱ्याची चूक नव्हती. मी डिझायरचा मागितला, त्याने डिझायरचाच दिला. चूक माझ्या प्रश्नात होती.

म्हणून माझं मत असं, की 'कुठली गाडी' हा अर्धाच प्रश्न आहे. 'त्या गाडीचा कुठला पार्ट' हा पूर्ण प्रश्न. बलेनो आणि ग्लान्झाचंच बघा. दोन कंपन्यांचे बॅज, पण मूळ गाडी एकच, त्यामुळे एकाच पिढीतल्या दरवाज्याचा पत्रा एकमेकांना चालतो. पण 2022 च्या ग्लान्झाचा पुढचा बंपर बलेनोपेक्षा वेगळा आहे. बलेनोचाही बंपर जानेवारी 2019 च्या फेसलिफ्टमध्ये बदलला, दरवाजे तेच राहिले. मागच्या बंपरला पार्किंग सेन्सरची भोकं आहेत का, हेही बघावं लागतं, कारण जुलै 2019 पासून नवीन गाड्यांना मागचे सेन्सर सक्तीचे झाले.

मग करायचं काय? गाडी समोर आल्याशिवाय, निदान आरसी, चासी नंबर आणि चारही बाजूंचे फोटो आल्याशिवाय पैसे पाठवू नका. जुन्या पार्टच्या मागच्या बाजूचा फोटो मागवा. क्लिपा, ब्रॅकेट, माउंटिंगची भोकं तिथेच दिसतात. पत्र्याच्या पार्टला लोहचुंबक लावून बघा. कुठे पकड ढिली पडली तर खाली पुट्टी आहे असं समजा. दरवाज्याची खालची कड बोटाने तपासा, गंज तिथून सुरू होतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रंगवण्याआधी पार्ट गाडीवर लावून बघा. मी ते केलं असतं तर पेंटिंगचे 2,200 तरी वाचले असते.

'सेम कलर मिळाला, पेंटिंग वाचलं' यावर हिशोब बांधू नका. उन्हात प्रत्येक गाडीचा रंग वेगळा उतरतो. पेंटिंगचा खर्च धरूनच कस्टमरला भाव सांगा. सुरुवातीला नट-बोल्टवर बसणारे पार्टच घ्या, म्हणजे बोनेट, फेंडर, दरवाजा, डिकी, बंपर. कापून वेल्डिंग करावे लागणारे पॅनेल नवख्याने घेऊ नयेत.

आता बिलाचा मुद्दा. यात मी अजिबात तडजोड करत नाही. मेरठचं सोतीगंज हे जुन्या पार्ट्सचं मोठं मार्केट होतं. चोरीच्या गाड्या तिथे सुट्या होतात म्हणून डिसेंबर 2021 मध्ये पोलिसांनी ते बंद केलं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 प्रमाणे माल चोरीचा आहे असं मानायला कारण असूनही तुम्ही तो घेतलात, तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बिल नाही, विकणाऱ्याचा पत्ता नाही आणि भाव निम्मा, हे पुरेसं कारण आहे. कुर्ल्यातून घ्या नाहीतर गावच्या भंगारवाल्याकडून घ्या, बिल घ्याच.

काही जण म्हणतील, एवढं तपासत बसलो तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. जाऊ दे एखादं. आठ-दहा वर्षं जुनी गाडी, फक्त थर्ड पार्टी इन्शुरन्स, खिशातून खर्च करणारा माणूस, हाच आपला कस्टमर आहे. त्याला सगळ्यात स्वस्त बंपर नकोय. सांगितलेल्या दिवशी, सांगितलेल्या पैशात गाडी रस्त्यावर हवीय.

आज एक काम करा. एक वही घ्या. आपल्या भागात जास्त दिसणाऱ्या पाच गाड्या लिहा आणि प्रत्येकीची बॉडी कधी बदलली, बंपर कधी बदलला, ते समोर मांडा. ही वही भरल्याशिवाय पहिला पार्ट विकत घेऊ नका.