समासातली आई

"सर, जन्माच्या नोंदीची दुरुस्ती समासात होते म्हणतात, म्हणजे कुठं?" आमच्या बीडच्या वर्गातील मुलीने विचारले. समास शिकविण्यात माझा अर्धा जन्म गेला. हा समास मात्र निराळा!

आईबाप ऊसतोडीला गेले असता ती कोल्हापूरकडे जन्मली. वर्दी देणाऱ्या मावशीचेच नाव आईच्या रकान्यात पडले. नोंद जिथली, दुरुस्तीही तिथलीच. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याचे कलम १५ सांगते: मूळ नोंदीला हात लावू नये, समासात खरे लिहून सही-तारीख घालावी.

"आई नाही आता. नाव तरी तिचं लागू दे, सर."

दिवाळीनंतर बाप टोळीबरोबर निघेल. सोबत तीही जाणार आहे; हाती कोयता नव्हे, अर्ज घेऊन.