नादुरुस्त वाहन आणि नाडलेला ग्राहक

हैदराबाद येथील एका कंपनीने २५ सप्टेंबर २००९ रोजी बीएमडब्ल्यू या जगद्विख्यात कारखान्याची अत्यंत महागडी मोटार विकत घेतली. नव्याचे नऊ दिवस असतात असे म्हणतात. या मोटारीच्या नशिबी चारच दिवस आले. २९ सप्टेंबरला तिच्यात गंभीर दोष आढळला व ती कर्मशाळेत न्यावी लागली. १३ नोव्हेंबरला तीच तक्रार पुन्हा उद्भवली. १६ नोव्हेंबरला ग्राहकाने थेट पोलिसांत फसवणुकीची फिर्याद नोंदविली. तेव्हाच्या आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने मार्च २०१२ मध्ये ती फिर्याद रद्द केली, परंतु जुन्या मोटारीच्या जागी नवी मोटार द्यावी असा आदेश कंपनीस दिला. कंपनीने नव्या मोटारीची तयारी दर्शविली, ग्राहकाने ती घेतली नाही, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे १० जुलै २०२४ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने त्यावर पडदा टाकला. जवळजवळ पंधरा वर्षांनंतर फौजदारी खटला चालू ठेवण्यात हशील नाही असे ठरवून, सर्व दाव्यांच्या अंतिम फेडीपोटी कंपनीने ग्राहकास पन्नास लाख रुपये द्यावेत असे न्यायालयाने सांगितले.

निकाल ऐकून पुष्कळांना समाधान वाटले असेल. बलाढ्य उत्पादकाला पन्नास लाख मोजावे लागले, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु ज्याला ते मिळाले तो ग्राहक स्वतःच बांधकाम क्षेत्रातली एक कंपनी होता. वकील देण्याची, दिल्लीपर्यंत धाव घेण्याची आणि दरम्यान दुसऱ्या मोटारीतून हिंडण्याची ऐपत त्याच्यापाशी होती. असे असूनही चार दिवसांत उघडकीस आलेल्या दोषाचा निवाडा व्हायला पंधरा वर्षे लागली. मग ज्या कुटुंबाने पतपेढीचे कर्ज काढून आजी-आजोबांसह सर्वांना सामावून घेणारी सात आसनी गाडी घेतली आणि जिचे इंजिन दर दोन महिन्यांनी दगा देते, त्या कुटुंबाने काय करावे? आमच्या मते हैदराबादच्या निकालाने उपस्थित केलेला खरा प्रश्न हा आहे.

कौटुंबिक वाहन ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. १९८४ साली मारुतीची व्हॅन रस्त्यावर आली तेव्हापासून चार चाकांवरचे घर ही कल्पना मध्यमवर्गात रुजली. लग्नकार्य, देवदर्शन, चतुर्थीला गावी जाणे, वृद्धांना बांबोळीच्या इस्पितळात नेणे, हे सारे अशा वाहनांवर चालते. हे वाहन बंद पडले तरी कर्जाचा हप्ता बंद पडत नाही. विम्याचे पैसे भरावेच लागतात. रस्ता कर आधीच भरलेला असतो. गाडी कर्मशाळेत आणि घरची माणसे भाड्याच्या गाडीत, असा दुहेरी खर्च सुरू होतो. मनस्तापाची मोजदाद कुठल्याच पावतीत होत नाही.

इंजिन एकदा बिघडणे आणि पुन:पुन्हा बिघडणे यांत मोठा फरक आहे. यंत्र म्हटले की बिघाड आलाच, हे कोणीही सुज्ञ मनुष्य मान्य करील. परंतु तोच बिघाड तिसऱ्यांदा होतो तेव्हा त्याचे मूळ कारण शोधलेच गेले नाही असा त्याचा सरळ अर्थ असतो. उदाहरण घ्यायचे तर इंजिन तापून हेड गॅस्केट जळते. कर्मशाळेत नवे गॅस्केट बसविले जाते, गाडी परत मिळते. परंतु तापल्यामुळे सिलिंडर हेडचा पृष्ठभाग वाकला असेल, अथवा पाण्याचा पंप किंवा थर्मोस्टॅट नीट काम करीत नसेल, तर नवे गॅस्केटही काही दिवसांत तीच वाट धरते. रोग्याचा ताप उतरविला, रोग तसाच राहिला, असा हा प्रकार. मालकाला मात्र दर खेपेस ‘काम झाले आहे’ एवढेच सांगितले जाते.

आणि पुढच्या खेपेस दोष मालकाच्याच माथी येतो. तेल वेळेवर बदलले नाही, पेट्रोल भेसळीचे भरले, बाहेरच्या मेस्त्रीकडून काम करून घेतले, गाडी घाटात दामटली, ही उत्तरे ठरलेली असतात. २०२५ सालापासून त्यांत वीस टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलची भर पडली. २०२३ पूर्वीच्या अनेक गाड्या या इंधनासाठी घडविलेल्या नव्हत्या. ग्राहकाला पंपावर दुसऱ्या इंधनाची निवड मिळावी, अशा आशयाची याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. तेव्हा इंधन सरकारच्या धोरणाचे, इंजिन कारखान्याचे आणि नुकसान मात्र मालकाचे, असा त्रिकोण तयार झाला आहे.

दोष ग्राहकावर ढकलण्याची ही रीत आपल्याच देशातली आहे असे नव्हे. अमेरिकेत टोयोटा कंपनीच्या १९९७ ते २००२ या काळातील काही इंजिनांत तेलाचा चिकट गाळ साचून ती निकामी होऊ लागली. सिएना ही कुटुंबासाठी बनविलेली व्हॅनही त्यांत होती. मालकांनी वेळेवर तेल बदलले नाही, हे कंपनीचे प्रारंभीचे म्हणणे. परंतु तक्रारींचा ओघ थांबेना, तेव्हा २००२ साली कंपनीला पहिल्या विक्रीपासून आठ वर्षांपर्यंत अशा दुरुस्तीची जबाबदारी पत्करावी लागली. सुमारे तेहतीस लाख वाहने या योजनेखाली आली. एकेकट्या मालकाचे कोणी ऐकले नव्हते. हजारो मालक एकाच सुरात बोलले तेव्हा कारखान्याला ऐकू आले.

आपल्याकडचे उदाहरण याहून बोलके आहे. शेवरोले टवेरा हे वाहन मोठी कुटुंबे आणि भाड्याने गाडी चालविणारे यांचे आवडते होते. जुलै २०१३ मध्ये जनरल मोटर्सने २००५ पासून बनविलेल्या सुमारे एक लाख चौदा हजार टवेरा गाड्या परत बोलावल्या. सरकारी तपासणीसाठी कमी धूर सोडणारी निवडक इंजिने बसवून गाड्या पुढे केल्या जात होत्या, हे त्या प्रकरणातून बाहेर आले. कंपनीने काही अधिकाऱ्यांना घरी पाठविले. २०१७ अखेर तिने भारतातील विक्रीच थांबविली. दोष प्रदूषणाच्या तपासणीतला होता, रस्त्यात बंद पडणाऱ्या इंजिनाचा नव्हता, हे खरे. परंतु आठ वर्षे सरकारी चाचणी यंत्रणेला जे उमगले नाही ते एखाद्या फोंड्याच्या अथवा हैदराबादच्या गाडीमालकाने सिद्ध करावे, ही अपेक्षा किती अवास्तव आहे ते यातून स्पष्ट व्हावे.

आता कायद्याकडे वळू. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत अवतरली, आणि अशा प्रयत्नांच्या पुण्याईने १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, या म्हणीला उत्तर म्हणून हा कायदा जन्मला होता. २० जुलै २०२० पासून त्याची जागा २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली. ग्राहकाला आता आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पन्नास लाखांपर्यंतच्या किमतीची प्रकरणे जिल्हा आयोगापुढे चालतात. स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी गाडी चालविणारा टॅक्सीवालाही कायद्याच्या दृष्टीने ग्राहकच ठरतो. तीन महिन्यांत, आणि तांत्रिक चाचणी लागली तर पाच महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा असेही कायदा म्हणतो.

हे सारे कागदावर उत्तम. घोडे पेंड खाते ते पुढे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली मारुती उद्योगाच्या एका प्रकरणात हमीपत्राच्या शब्दांवर बोट ठेवले: हमी सदोष भाग बदलून देण्याची आहे, संपूर्ण वाहन बदलण्याची नाही. म्हणजे भाग बदलत राहावा आणि गाडी तीच राहावी. गाडी बदलून हवी असेल तर मुळातच निर्मितिदोष आहे हे बहुधा तज्ज्ञाच्या अहवालाने दाखवावे लागते. परंतु इंजिन खोलले जाते ते अधिकृत कर्मशाळेत, जुने भाग राहतात तिच्याकडे, नोंदी लिहिते तीच. पुरावा प्रतिपक्षाच्या कपाटात आणि तो सादर करण्याचा भार ग्राहकाच्या शिरावर, असा हा न्याय!

उत्पादकाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण नव्या कायद्यात आले याचा गाजावाजा झाला होता. तथापि त्यातील ‘हानी’ या शब्दाची व्याख्या बारकाईने वाचली तर भ्रमनिरास होतो. खुद्द वस्तूची झालेली हानी तीतून वगळली आहे. सदोष इंजिनामुळे कोणी जखमी झाला तर ते प्रकरण लागू पडेल. इंजिन नुसतेच निकामी झाले तर मालकाला जुन्याच मार्गाने, सदोष वस्तूची तक्रार म्हणून जावे लागेल. विक्रेता आणि उत्पादक यांच्यामधली दरीही आहेच. गोव्यातील एका ग्राहकाला २०११ साली नवी म्हणून २००९ ची मोटार विकली गेली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने उत्पादकाला मोकळे केले, कारण विक्रेत्याच्या कृत्याची त्याला कल्पना असल्याचे सिद्ध झाले नव्हते आणि दोघांचे व्यवहार परस्परांपासून स्वतंत्र होते. कायद्याच्या दृष्टीने ते योग्य असेल; परंतु दुकानाच्या दारावर उत्पादकाचे नाव वाचून आत शिरणाऱ्या सामान्य माणसाला हा भेद कोण समजावून सांगणार?

वाहने परत बोलावण्याची तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आली आणि एप्रिल २०२१ पासून अमलात आली. ती स्वागतार्ह आहे. पर्यावरणाला, वाहनातील प्रवाशांना वा रस्त्यावरील लोकांना अपाय करणारा दोष मात्र तिला हवा. आमचे म्हणणे असे की, अनमोडच्या अथवा चोर्ल्याच्या घाटात, पावसाळी रात्री, मागून मालवाहू गाड्या येत असताना अचानक बंद पडणारे इंजिन हा सुरक्षिततेचाच प्रश्न आहे. अशा वेळी ब्रेक व सुकाणू यांना मिळणारे यंत्राचे साहाय्यही संपते आणि ती दोन्ही जड होतात. वारंवार बंद पडणारे इंजिन हा ‘गैरसोयी’चा विषय मानणाऱ्यांनी एकदा तो अनुभव घेऊन पाहावा.

उत्पादकांची बाजू अजिबातच नाही असे आम्ही म्हणत नाही. आपल्या किनारपट्टीवरची खारी हवा लोखंडाला सोडीत नाही. नियमित देखभालीची हेळसांड करणारे मालक आहेत, बनावट सुटे भाग आहेत, क्षमतेबाहेर माणसे कोंबण्याची हौसही आहे. प्रत्येक बिघाड निर्मितिदोष नसतो. परंतु याच कारणासाठी नियम स्पष्ट हवा. तो प्रामाणिक कारखान्याला खोट्या तक्रारीपासून वाचवील आणि प्रामाणिक ग्राहकाला टोलवाटोलवीपासून.

असा नियम शोधायला फार दूर जाण्याचे कारण नाही. अमेरिकेतील कनेटिकट राज्याने १९८२ सालीच तो केला आणि पुढे त्या देशातील सर्व राज्यांनी त्या धर्तीवर कायदे केले. ठरावीक मुदतीत तोच दोष चार वेळा दुरुस्त करूनही गेला नाही, अथवा गाडी एकूण तीस दिवस कर्मशाळेत पडून राहिली, तर ती मुळातच सदोष आहे असे गृहीत धरायचे. मग गाडी बदलून द्यायची वा पैसे परत करायचे. गृहीतक चुकीचे आहे हे दाखविण्याची जबाबदारी कारखान्याची. पुराव्याचा भार ज्याच्याकडे ज्ञान व साधने आहेत त्याच्यावर टाकणारे हे साधे तत्त्व आपल्या कायद्यात का येऊ नये?

त्याच्या जोडीला आणखी दोन गोष्टी व्हाव्यात. प्रत्येक दुरुस्तीची कारणासह लेखी नोंद आणि काढलेला भाग पाहण्याचा हक्क ग्राहकाला मिळावा. दुसरे, आयोगांना स्वतंत्र तज्ज्ञ सहज उपलब्ध असावेत. पुण्यात वाहन संशोधनाची नामवंत संस्था आहे, आपल्या फर्मागुडीला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशा संस्थांकडून माफक शुल्कात व ठरल्या मुदतीत अहवाल मिळण्याची व्यवस्था राज्य सरकारने मनावर घेतले तर होऊ शकते. त्यासाठी दिल्लीकडे डोळे लावून बसण्याची गरज नाही.

कायदा बदलेपर्यंत ग्राहकाने स्वतः सावध राहिले पाहिजे. तोंडी आश्वासनावर विसंबू नये. गाडी देताना तक्रार स्वतःच्या शब्दांत जॉब कार्डावर लिहवून घ्यावी, परत घेताना काय बदलले ते विचारावे, तेल व इंधनाच्या पावत्या जपाव्यात, आणि तक्रारीची दोन वर्षांची मुदत कर्मशाळेच्या फेऱ्यांत निघून जाऊ देऊ नये. त्याच बनावटीच्या वाहनाचे इतर मालक शोधून एकत्र तक्रार करणे सर्वांत परिणामकारक. संघटित झाल्याखेरीज हक्क पदरात पडत नाहीत, हा धडा या भूमीने स्वातंत्र्यासाठी गिरविला आहे. तो बाजारपेठेतही तितकाच खरा आहे.

हैदराबादच्या ग्राहकाला पंधरा वर्षांनी पन्नास लाख मिळाले. सामान्य कुटुंबाला पन्नास लाख नकोत. त्याला घाटात न थांबणारी गाडी हवी आहे, आणि ती देता येत नसेल तर आपले कष्टाचे पैसे कर्जाचे हप्ते संपण्यापूर्वी परत हवे आहेत. एवढी माफक मागणी जो कायदा वेळेवर पुरी करू शकत नाही, त्याच्याच इंजिनात बिघाड आहे असे समजून संसदेने तो दुरुस्तीसाठी घ्यावा.