पहिल्या हंगामाचा निवाडा

मोठी रक्कम मोजून आणलेला आघाडीचा फुटबॉलपटू पहिल्या हंगामात अपेक्षेइतके गोल करू शकला नाही, की ‘पैसे पाण्यात गेले’ असा पुकारा सुरू होतो. हा पुकारा आता लंडन-माद्रिदपुरता राहिलेला नाही. सुरतेच्या डिंडोलीत, खानदेशातून आलेल्या आमच्या मराठी वस्तीत, कारखान्यातील पाळी संपवून आलेले तरुण देवळाच्या ओट्यावर बसून मोबाईलवर परदेशी सामने पाहतात आणि हाच निकाल देतात. गोमंतकातील आमचे कोंकणी बांधव तर या खेळाचे पिढीजात जाणकार; पण त्यांच्याही तोंडी पुष्कळदा हेच वाक्य असते. आमचे म्हणणे असे, की हा निवाडा अपुऱ्या पुराव्यावर दिलेला आहे आणि तो रद्द होण्यास पात्र आहे.

प्रथम किमतीचा मुद्दा घेऊ. खेळाडूच्या बदलीची रक्कम एक क्लब दुसऱ्या क्लबला देतो. तिचा आकडा विकणाराची अडवणूक आणि घेणाराची निकड यांतून ठरतो. खेळाडूचे वेतन हा निराळा करार. वेतनाबद्दल त्याच्याकडे मेहनत आणि शिस्त खुशाल मागावी. परंतु बदलीच्या रकमेची परतफेड गोलांच्या रूपाने करीन, असे त्याने कोणासही लिहून दिलेले नसते. जे कर्ज त्याने काढले नाही, त्याचा ऋणको म्हणून त्याला चव्हाट्यावर उभे करणे हा कोणता न्याय?

आता पुरावा पाहू. 1999 साली रिआल माद्रिदने निकोला आनेल्का या फ्रेंच तरुणास दोन कोटींहून अधिक पौंडांना घेतले. लीगमध्ये त्याचे गोल झाले अवघे दोन. क्लबशी खटका उडाला, त्याला काही काळ संघाबाहेर ठेवण्यात आले. त्याच हंगामात युरोपीय चषकाच्या उपांत्य फेरीत बायर्नविरुद्धच्या दोन्ही सामन्यांत त्याने गोल केले आणि माद्रिदने तो चषक जिंकला, तरी 2000 साली त्याला विकून टाकण्यात आले. पुढे जानेवारी 2008 मध्ये चेल्सीने सुमारे दीड कोटी पौंड देऊन त्यालाच आणले. पुन्हा तीच कथा: उरलेल्या हंगामात लीगमध्ये एक गोल, आणि मॉस्कोच्या अंतिम सामन्यात त्याचीच पेनल्टी अडवली जाऊन चषक हुकला. पण या वेळी क्लबने त्याला ठेवून घेतले. पुढच्याच हंगामात, 2008-09 मध्ये, 19 गोल करून तो इंग्लिश लीगचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. माणूस तोच; एका क्लबने खाते बंद केले, दुसऱ्याने चालू ठेवले.

दुसरा साक्षीदार उरुग्वेचा दिएगो फोर्लान. जानेवारी 2002 मध्ये मँचेस्टर युनायटेडने त्याला सुमारे सत्तर लाख पौंडांना घेतले. पहिला गोल होण्यास सप्टेंबर उजाडला. पुढे व्हान निस्टेलरॉयसारखा मातबर खेळाडू असता त्याच्या वाट्यास उरलासुरला वेळच आला. 2004 साली तो स्पेनमधील व्हिलारिआलकडे गेला आणि पहिल्याच वर्षी लीगमध्ये 25 गोल करून युरोपच्या सुवर्णबुटाचा भागीदार झाला. 2010 च्या विश्वचषकात सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याचाच. हे दोघेही पुढे मुंबई सिटीकडून खेळले हे आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. 2016 साली अंधेरीच्या मैदानावर केरळ ब्लास्टर्सविरुद्ध 37 वर्षांच्या फोर्लानने तीन गोल केले. ज्याला एका काळी एक गोल होत नव्हता, तोच हा माणूस!

आणखी दोन नावे. करीम बेंझेमाला माद्रिदने 2009 मध्ये साडेतीन कोटी युरोंना घेतले. पहिल्या हंगामात लीगमध्ये त्याचे 8 गोल, आणि त्याच्या जागी इग्वाइनला पसंती. तोच बेंझेमा क्लबसाठी 354 गोल करून गेला आणि 2022 साली जगातील सर्वोत्तम खेळाडूचा बलॉं दोर त्यास मिळाला. दिदिए द्रोग्बाचे चेल्सीतील लीग-गोल पहिल्या हंगामात 10, दुसऱ्यात 12 आणि तिसऱ्यात 20.

प्रतिपक्ष म्हणेल, शेव्चेंकोचे काय? टोरेसचे काय? प्रश्न रास्त आहे. शेव्चेंको 2006 मध्ये तिशीच्या उंबरठ्यावर चेल्सीत आला, पहिल्या हंगामात लीगमध्ये चार गोल केले आणि मग सावरला नाही. टोरेससाठी त्याच क्लबने जानेवारी 2011 मध्ये पाच कोटी पौंड ओतले. त्या हंगामात एकच गोल झाला आणि लिव्हरपूलचा जुना टोरेस पुन्हा दिसला नाही. आदल्या वर्षी त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाल्या होत्या. सगळेच सावरतात असे आम्ही म्हणत नाही. परंतु या दोघांविरुद्धचा खरा पुरावा वयात आणि शरीरात होता. पहिल्या हंगामातील गोलांच्या आकड्याने तो वेगळा दाखवला नसता, कारण तसाच आकडा बेंझेमाचाही होता.

गोल हा साखळीतील शेवटचा दुवा. मधल्या फळीतून चेंडू येतो की नाही, कोणत्या उंचीने येतो, प्रशिक्षकाची योजना कोणती, शेजारी कोण खेळतो, यांवर तो अवलंबून असतो. देवापुढे कौल लावतानाही प्रश्न आधी नीट मांडावा लागतो. ‘किती गोल केले?’ हा प्रश्नच अपुरा. वय काय, पाय धड आहेत काय, त्याला संधी निर्माण करून देणारे कोणी आहे काय, हे विचारा. उत्तरे अनुकूल असतील तर थांबणे हाच शहाणा व्यवहार, आणि प्रतिकूल असतील तर चूक पैसे मोजणाऱ्याची.

थांबण्याचे फळ गोमंतकाने पाहिलेले आहे. 2004-05 ते 2011-12 या काळात धेंपो क्लबने पाच वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले, ते पाचही वेळा आर्मांदो कुलासो या एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली. दर वर्षी माणसे बदलणाऱ्यांनी हा हिशेब मांडून पाहावा.

आणि डिंडोलीच्या तरुणांस आमचा सवाल असा: धुळ्या-जळगावाकडून सुरतेस आलेला तुमचा बाप पहिल्याच वर्षी मागावर पटाईत झाला होता काय? सुताचे तुटणे, गुजराती शेठची बोली, भाड्याची खोली, या सर्वांशी जमवून घेण्यास त्यालाही अवधी लागला. तो अवधी त्याला मिळाला, म्हणून तुमचे घर उभे राहिले. पोटासाठी परमुलुखात गेलेल्यांच्या मुलांनी तरी परमुलुखात आलेल्या खेळाडूस दुसरा हंगाम नाकारू नये.