बदलत्या गावाचा साक्षीदार कोण?

पुणे-सातारा महामार्गाने कात्रजचा बोगदा ओलांडून दक्षिणेस निघालेल्या प्रवाशाला भोर तालुक्यातील शिवरे हे गाव दिसते ते बहुधा धावत्या गाडीच्या खिडकीतून. देहूरोड ते सातारा हा सुमारे १४० किलोमीटरांचा टप्पा सहापदरी करण्याचे काम २०१० मध्ये सुरू झाले आणि पुढे कित्येक वर्षे रेंगाळले. त्यानंतर पुण्याभोवतीच्या वर्तुळाकार रस्त्यासाठी याच तालुक्यात भूसंपादन हाती घेण्यात आले. शहर आता वेशीपाशी येऊन ठेपले आहे. या स्थित्यंतराचा हिशेब दप्तरात राहील. पण त्याचे रूप कोठे टिकणार?

मुंबईच्या बाबतीत हे काम काही अंशी एका चित्रकाराने केले. १९४९ मध्ये पुण्यात जन्मलेले सुधीर पटवर्धन हे पेशाने क्ष-किरणतज्ज्ञ. ठाण्यात दीर्घकाळ वैद्यकीय व्यवसाय करीत असतानाच त्यांनी भोवतालचे बदलते शहर आणि त्यातील कष्टकरी माणूस रंगविला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी गिरण्यांच्या जमिनींवर नव्या बांधकामास वाट करून दिली. पटवर्धनांचे ‘लोअर परळ’ हे चित्र २००१ सालचे. ओसरते गिरणगाव आणि त्यावर उगवणारे नवे शहर त्यात एकत्र नांदताना दिसते.

कॅमेऱ्यानेही हे कार्य अन्यत्र केले आहे. न्यूयॉर्कमध्ये एम्पायर स्टेट इमारत उभी राहत असता, १९३०-३१ मध्ये, लुईस हाइन यांनी पोलादी तुळयांवर काम करणाऱ्या मजुरांची छायाचित्रे टिपली. बेरेनिस ॲबट यांनी तेच शहर रस्त्यारस्त्याने टिपले आणि त्या कार्यास १९३५ पासून सरकारी कलायोजनेचे साहाय्य लाभले. मंदीने गांजलेल्या देशालाही हा खर्च अनाठायी वाटला नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

“छायाचित्रांनी कोणाचे पोट भरते?” असा प्रश्न कोणी विचारील. तो रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर अर्थशास्त्राच्याच पदरी आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणनेत नव्या बांधकामाची भर पडते. त्याखाली गेलेल्या खळ्याची, विहिरीच्या गोड पाण्याची वजावट मात्र कोठेच होत नाही. सातबाऱ्यावर जमीनमालकाचे नाव असते. त्या शेतात वर्षानुवर्षे खुरपणी करणाऱ्या मजूर बाईचे नसते. २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्याने, संपादनापूर्वी तीन वर्षे त्या क्षेत्रात राबणाऱ्या आणि त्यामुळे मुख्य उपजीविका गमावणाऱ्या भूमिहीन कुटुंबासही बाधित मानले आहे. पण आपण तेथे राबत होतो हे त्या कुटुंबाने दाखवावे कशाने? तारीखवार छायाचित्र हा निर्णायक पुरावा नव्हे, हे खरे. तरी जेथे कागदच नाही तेथे तो आधार ठरू शकतो.

म्हणून ही नोंद कलावंताच्या येण्याची वाट पाहत थांबू नये. आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात कॅमेरा आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकांनी दर सहामाहीस ठरावीक जागी उभे राहून तेच शिवार टिपावे. तारीख, गट क्रमांक आणि काम करणाऱ्यांची नावे, त्यांच्या संमतीने, लिहावीत. आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीने, दुसरी शाळेने जपावी. यास मोठा निधी लागत नाही. सातत्य मात्र लागते.

विकासास विरोध करण्याचा हा मार्ग नव्हे. रस्ता व्हावा, घरे व्हावीत, गावच्या मुलांना रोजगारही मिळावा. परंतु मोबदल्याची रक्कम संपल्यावर, उद्या एखादा नातू “आपले शेत कोठे होते?” असे विचारील, तेव्हा त्याच्यापुढे निदान एक चित्र ठेवता आले पाहिजे. जे गाव आपले जाणेही नोंदवून ठेवीत नाही, त्याला पुढे आपले मागणे मांडणेही जड जाते.